गोठ्यामागची गाडी कोणती? गंजलेल्या जुन्या मोटारीची ओळख पटवताना

हे आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. ऐकताना निसटलेले आकडे आणि नावं इथे नीट लिहिली आहेत. बोलताना आलेले 'म्हणजे बघा' आणि 'काय होतं की' मी बरेचसे काढलेत. सगळे नाही काढले, नाहीतर तुम्हाला वाटेल दुसऱ्याच कुणीतरी लिहिलंय.

तर झालं असं. धुळे तालुक्यातल्या एका श्रोत्याचा निरोप आला. चार फोटो, आणि खाली अहिराणीत एकच ओळ: "दादा, हाई गाडी कोनती शे?" फोटोत गोठ्याच्या मागे, बाभळीच्या काटक्यांत अर्धी बुडालेली एक मोटार. पुढची जाळी नाही, नाव नाही, नंबरप्लेट नाही. चारही चाकं काळ्या मातीत रुतलेली. आजोबांची गाडी. आता दोघा भावांत वाटणी झालीय, जागा मोकळी करायचीय, आणि भंगारवाल्याने बयाणाही देऊन ठेवलाय. शनिवारी तो गॅस कटर घेऊन येणार. काका म्हणतात, "जुनी ॲम्बेसेडर आहे, अशा गल्लोगल्ली मिळतात, द्या टाकून." वडील म्हणतात, "नाही, बाबा तिला वेगळंच काहीतरी नाव घ्यायचे." ते नाव मात्र कुणालाच आठवत नाही.

म्हणजे प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. गाडी कोणती, यावर ती शनिवारी तुकड्यांत जाणार की राहणार, हे ठरणार होतं.

मी त्याला आधी एकच गोष्ट सांगितली: काही ओढू नको, काही घासू नको, आणि आत हात घालायच्या आधी काठीने आवाज कर. गांधीलमाशीची पोळी, विंचू, साप, सगळ्यांना बंद मोटार फार आवडते. खान्देशात हे वेगळं सांगायला नको, तरी सांगतो.

आता मुद्द्यावर येऊ. बेवारस गाडी ओळखताना बहुतेक जण आधी नाव शोधतात. बॉनेटवरचं चिन्ह, डिकीवरची अक्षरं. पण हीच वस्तू सगळ्यात आधी चोरीला जाते, कारण ती चकचकीत असते आणि दोन स्क्रूवर बसलेली असते. शिवाय ती फसवते सुद्धा. एका गाडीची जाळी दुसरीला बसवणं ही आपल्याकडच्या गॅरेजची जुनी कला आहे. जी वस्तू बदलायला सोपी, तिच्यावर विश्वास कमी. जी बदलायला अवघड, तिच्यावर जास्त. टायर, दिवे, आरसे, सीट, रंग, हे सगळं साक्षीदार म्हणून कच्चं. छताचा आकार, दरवाजे कुठल्या बाजूला टांगलेत, खालचा सांगाडा आणि मागचा पत्रा हे पक्के साक्षीदार.

आणि दुसरी गोष्ट, आपल्या देशात शोधाचं मैदान फार मोठं नाहीये. परदेशातल्या माणसाला पन्नास कंपन्या आणि पाचशे मॉडेलं चाळावी लागतात. आपल्याला इतिहासानेच यादी छोटी करून दिलीय.

ती कशी, ते थोडं सविस्तर सांगतो, कारण हे कळलं की अर्धं काम होतं.

मुंबईत मोटारी आल्या 1898 च्या सुमारास. जमशेटजी टाटांनी घेतलेली मोटार त्याच वर्षातली. पुढची तीसेक वर्षं मोटार म्हणजे संस्थानिक, मोठे वकील, डॉक्टर, गिरणीमालक यांची वस्तू. मग 1928 मध्ये जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला, आणि फोर्डनेही त्याच काळात मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे जुळणी सुरू केली. सुटे भाग पेट्यांतून यायचे आणि इथे गाडी उभी राहायची. शेवरोले आणि फोर्ड त्यामुळे तालुक्याच्या गावांपर्यंत पोचल्या. खान्देशात कापूस होता, जिनिंग-प्रेसिंग होतं, आणि मुंबईहून आग्र्याकडे जाणारा रस्ता धुळ्यातूनच जात होता. गाडी घ्यायला पैसा आणि पळवायला रस्ता, दोन्ही होतं.

इथे एक गंमत आहे. आपल्याकडच्या त्या काळातल्या 'अमेरिकन' गाड्यांतल्या बऱ्याच मुळात कॅनडातून आल्या. ब्रिटिश साम्राज्यातल्या देशांना आपापसात जकातीची सवलत होती, आणि उजव्या हाताला स्टिअरिंग असलेल्या गाड्या कॅनडातले कारखाने करून पाठवायचे. म्हणून कुणी तुमच्या आजोबांच्या शेवरोलेचा नंबर अमेरिकेच्या यादीत शोधला आणि तो जुळला नाही, की लगेच 'नंबर खोटा' असं म्हणू नका. यादीच चुकीची असू शकते.

मग स्वातंत्र्य आलं. सरकारचं धोरण बदललं. 1953 मध्ये टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर ठरलं की नुसती जुळणी चालणार नाही, इथे भाग बनवायची योजना असेल त्यांनीच राहायचं. जनरल मोटर्स आणि फोर्ड दोघांनी 1954 पर्यंत गाशा गुंडाळला. मागे उरले मोजके. कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बिर्लांची हिंदुस्तान मोटर्स, जी 1942 मध्ये आधी गुजरातेत ओखा बंदराला सुरू झाली होती. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्स, म्हणजे आपल्या सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची 1944 ची कंपनी. मद्रासला स्टँडर्ड. आणि जीपसाठी महिंद्र. म्हणून गाडी 1954 नंतरची आहे असं एकदा ठरलं, की उमेदवार एका हाताच्या बोटांवर मोजता येतात. बाहेरून थेट आणलेली एखादी मर्सिडीज किंवा इंपाला असते, पण ती लांबीवरूनच ओळखू येते.

आता गाडीभोवती एक चक्कर मारू.

पहिल्यांदा लांबून बघा. मडगार्ड वेगळे, फुगलेले, आणि दरवाज्याखाली पाय ठेवायची फळी असेल, तर गाडी साधारण दुसऱ्या महायुद्धाच्या आधीच्या घडणीची. मडगार्ड अंगात मिसळून गेले असतील आणि बाजू सपाट झाली असेल, तर युद्धानंतरची. मधल्या काळात दोन्हीचं मिश्रण दिसतं.

मग दरवाजे. आपल्या मुंबईकडच्या लोकांनी जिला 'डुक्कर फियाट' असं नाव ठेवलं, ती फियाट 1100 तुम्ही बघितली असेल. गोलमटोल पाठ, आणि पुढचे दरवाजे उलटे उघडणारे, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. प्रीमियरने ही गाडी 1954 पासून काढली. साठच्या दशकात आलेल्या डिलाइटला सरळ उघडणारे दरवाजे आणि कोनदार अंग आलं. तीच पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि 1974 पासून पद्मिनी. म्हणजे जाळी गेलेली, नाव गेलेलं, रंग गेलेला असला तरी दरवाज्याची बिजागरी कुठे आहे एवढं बघून फियाटची पिढी सांगता येते. बिजागरी कोण चोरणार?

नंतर खाली वाकून बघा. पत्र्याच्या खाली शिडीसारखी जाड लोखंडी चौकट आहे का? असेल तर बहुधा अमेरिकन घराण्यातली गाडी, नाहीतर जीप. डॉज, प्लिमथ, डिसोटो, शेवरोले, सगळ्या अशाच चौकटीवरच्या. आणि चौकटच नसेल, अंगाचा पत्राच सगळा भार घेत असेल, तर बहुधा ॲम्बेसेडर किंवा फियाट यांच्यापैकी कुणीतरी. या दोघींतही फरक आहे: फियाट 1100 च्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा असतात, मॉरिसच्या घराण्यात स्प्रिंगऐवजी गाडीच्या लांबीत जाणारे पिळाचे दांडे, टॉर्शन बार. बघायला मातीत झोपावं लागतं, पण उत्तर पक्कं मिळतं.

प्लिमथ, डॉज आणि डिसोटोबद्दल एक सावधगिरी. या तिघी एकाच क्रायस्लरच्या लेकी. प्रीमियरने 1947 पासून कुर्ल्यात यांची जुळणी केली. एकाच अंगावर वेगळी जाळी आणि वेगळी अक्षरं बसवून वेगळ्या नावाने विकायची पद्धत होती. म्हणून "आमची डॉज होती" असं म्हणणारं घर आणि "आमची प्लिमथ होती" म्हणणारं घर, दोघांच्या गाड्या एकसारख्या दिसतील आणि दोघंही खरं बोलत असतील. यांच्या डाव्या बाजूच्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्याचे असतात. फिटरला माहीत नसेल तर तो जोर लावून तोडतो. तुटलेले डावे बोल्ट आणि धड उजवे दिसले, की मी हसतो. ओळख पटली म्हणायची.

इंजिन बघताना प्लग मोजा आणि ते कुठे बसलेत ते बघा. शेवरोलेचं सहा सिलिंडरचं इंजिन 1929 पासून वर व्हॉल्व्ह असलेलं, त्यामुळे डोक्यावर पत्र्याचं लांब झाकण आणि प्लग बाजूला. क्रायस्लर घराण्याचं सहाचं इंजिन साइड व्हॉल्व्ह, डोकं सपाट, प्लग वर उभे. फोर्डचं 1932 पासूनचं व्ही-एट असेल तर दोन सपाट डोकी व्ही आकारात, प्रत्येकात चार प्लग. इथेही तीच अट: इंजिन बदललेलं असू शकतं. पेट्रोल महागलं तेव्हा कित्येक गाड्यांत डिझेल इंजिनं बसली. पण उलटा प्रकार जवळजवळ होत नाही. नव्या गाडीत मुद्दाम जुनं इंजिन कुणी घालत नाही. म्हणून जुनं इंजिन सापडलं तर ती साक्ष वजनदार.

आता आपल्या गोठ्यामागच्या गाडीकडे.

पहिल्या फोटोतच छप्पर आणि चार दरवाजे ॲम्बेसेडरचे. काकांचं बरोबर होतं म्हणायचं, इथपर्यंत. खाली चौकट नाही, हे त्याने टॉर्च मारून पाहिलं. पुढे पिळाचे दांडे आहेत, हेही पाहिलं. म्हणजे मॉरिसचं घराणं पक्कं. मग मी त्याला इंजिनाचा फोटो मागितला. बॉनेट उघडेना, तर त्याने जाळी गेलेल्या भोकातून मोबाइल आत घातला. सपाट डोकं, वर उभे चार प्लग. साइड व्हॉल्व्ह!

इथे माझे कान टवकारले. कारण हिंदुस्तान मोटर्सचा क्रम असा आहे. आधी मॉरिसच्या जुन्या गाड्यांवरून हिंदुस्तान टेन, हिंदुस्तान फोर्टीन, बेबी हिंदुस्तान. मग 1954 मध्ये मॉरिस ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेवरून लँडमास्टर. आणि 1957 मध्ये ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून ॲम्बेसेडर, जी थेट 2014 पर्यंत चालली. लँडमास्टर आणि ॲम्बेसेडरचा मधला भाग, छप्पर, दरवाजे, जवळजवळ एकच. 1476 सीसीचं साइड व्हॉल्व्ह इंजिन लँडमास्टरमध्ये होतं आणि अगदी सुरुवातीच्या ॲम्बेसेडरमध्येही होतं. 1959 मध्ये 1489 सीसीचं वर व्हॉल्व्ह असलेलं इंजिन आलं. म्हणजे ही गाडी एकतर लँडमास्टर, नाहीतर पहिल्या एक-दोन वर्षांतली ॲम्बेसेडर. 'गल्लोगल्ली मिळणारी' तर दोन्हीपैकी कुठलीच नाही.

मग निकाल कशावर? मागच्या पत्र्यावर. ॲम्बेसेडरला मागच्या कोपऱ्यांवर छोटे पंख आले, उभे दिवे आले. पुढे हेडलाइटवर पत्र्याची भुवई आली आणि बॉनेटला कडेने पन्हाळीसारखे उठाव आले. लँडमास्टर या सगळ्या ठिकाणी साधी आणि गोल. पुढचा भाग बोल्टवर असतो, तो बदलता येतो, म्हणून मी पुढच्यावर भिस्त ठेवली नाही. मागच्या दोन्ही कोपऱ्यांचे फोटो बाजूने काढायला सांगितले. त्याने काटक्या तोडल्या आणि पाठवले. पंख नाहीत. गोल उतरलेली पाठ. पुढचं बॉनेटही गुळगुळीत.

लँडमास्टर. मी हे नाव फोनवर घेतलं तेव्हा मागून त्याच्या वडिलांचा आवाज आला, "हा, हेच! लँडमास्टर!" आजोबा घ्यायचे ते वेगळं नाव हेच होतं. बयाणा दुसऱ्या दिवशी परत गेला. काकांनी कुरकुर केली, पण जागा मोकळी करायला ट्रॅक्टरने गाडी ओढायचं तेवढं थांबवलं. तेही मीच थांबवायला सांगितलं होतं. काळी माती पावसाळाभर ओल धरते, त्यामुळे दरवाज्याखालच्या पट्ट्या सगळ्यात आधी सडतात, आणि वेगळी चौकट नसलेल्या गाडीची ताकदच त्या पट्ट्यांत असते. दोरी बांधून ओढली तर मधून वाकते. आधी खाली लाकडं आणि जॅक, मग हलवायचं. वरचा पत्रा मात्र आपल्याकडच्या कोरड्या हवेत बरा टिकतो. कोकणात हीच गाडी एवढी उरली नसती.

पैशाचं विचाराल तर मी कुणालाच आकडा सांगत नाही. दुर्मिळ म्हणजे महाग, असं समीकरण नसतं. लँडमास्टरचे भाग मिळवताना घाम निघतो. पण किलोच्या भावात जाण्याची वस्तू ती नक्कीच नाही.

कागदांचं बोलू, कारण गाडी ओळखली तरी कागदांशिवाय ती नुसतं लोखंड. जुन्या आरसी बुकात चेसिस नंबर आणि इंजिन नंबर वेगवेगळे लिहिलेले असतात. आजचा सतरा अक्षरांचा नंबर शोधू नका, तो तेव्हा नव्हताच. बऱ्याच गाड्यांत इंजिन आणि बैठकीच्या मधल्या पडद्यावर पत्र्याची पट्टी असते. ती रॉकेलने भिजवलेल्या मऊ ब्रशने साफ करायची. ग्राइंडर नको, सँडपेपर नको. अंधारात टॉर्च आडवा धरला की पुसट आकडे उठून दिसतात, आणि कागद ठेवून पेन्सिल घासली तरी उमटतात. खोडलेला नंबर म्हणजे पुढे आरटीओत आणि पोलिसांत न संपणारे प्रश्न.

नंबरप्लेट मिळाली तर तीही बोलते. एमएच-18 म्हणजे धुळे, 19 जळगाव, 39 नंदुरबार, ही पद्धत 1988 च्या मोटार वाहन कायद्यानंतरची. त्याआधी तीन अक्षरं आणि चार आकडे असायचे. मुंबई राज्याच्या काळातली मालिका 'बी' अक्षराने सुरू व्हायची, 1960 नंतर महाराष्ट्राची 'एम' ने. गोठ्यात, माळ्यावर, कोंबड्यांच्या खुराड्याला दार म्हणून, कुठेही जुनी प्लेट सापडू शकते. शोधा.

2021 च्या जुलैमध्ये केंद्राने व्हिंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, खासगी वापराची, मूळ रूपात फार बदल न केलेली दुचाकी किंवा चारचाकी त्यात बसते. नव्या नोंदणीला वीस हजार, दहा वर्षांची मुदत, पुढच्या वेळी पाच हजार. नंबरात राज्याच्या अक्षरांनंतर 'व्हीए' येतं. जिचा जुना नंबर आहे तिला तो ठेवता येतो. मात्र रोज बाजारात न्यायला परवानगी नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं एवढ्यासाठीच रस्त्यावर. क्लबातले जुनेजाणते मात्र 1919 ते 1930 मधल्या गाडीलाच व्हिंटेज म्हणतात. त्यांच्यासमोर लँडमास्टरला व्हिंटेज म्हणाल तर भुवया वर जातील. सरकारी अर्जावर चालतं.

मालक वारले असतील तर आधी वारसाच्या नावावर करायचं, त्यासाठी फॉर्म 31. आरसी हरवली असेल तर दुसऱ्या प्रतीसाठी फॉर्म 26. वाटणी झाली असेल तर गाडी कुणाच्या वाट्याला, हे भावांनी आपसांत लेखी करून घ्यावं. गाडी कवडीमोल वाटते तोपर्यंत भांडण नसतं. ओळख पटली, की ते सुरू होतं. हे मी गमतीने म्हणत नाहीये.

जाता जाता जीपवाल्यांसाठी, कारण त्यांचे निरोप सगळ्यात जास्त येतात. पुढच्या जाळीला नऊ फटी असतील तर युद्धातली, सात असतील तर नंतरची नागरी. युद्धातल्यांमध्ये विलीज आणि फोर्ड अशा दोन. रेडिएटरखालचा आडवा दांडा गोल नळीचा असेल तर विलीज, उलट्या यू आकाराचा असेल तर फोर्ड. फोर्डने आपल्या बोल्टांवरही 'एफ' अक्षर ठोकलंय. बॉनेट उंच, चौकोनी असेल तर 1953 नंतरच्या सीजे-3बी घडणीची, जी महिंद्रने पुढे कित्येक वर्षं काढली. आपल्या भागात बहुतेक करून हीच निघते, आणि पुढची जाळी हौसेने बदललेली असते, म्हणून आधी आडवा दांडा बघा.

फोटो पाठवताना एवढं करा. सकाळच्या तिरप्या उन्हात काढा. चारही कोपऱ्यांतून एकेक, मग दोन्ही बाजूंनी सरळ, जमिनीच्या उंचीवरून. पुढच्या आणि मागच्या दरवाज्याच्या बिजागऱ्या. इंजिन वरून आणि बाजूने. डॅशबोर्ड, वेग मैलात दाखवतो की किलोमीटरमध्ये हे वाचता येईल असा. चाकाचे बोल्ट मोजता येतील असं एक. चेसिस नंबरचा फोटो कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, फक्त खासगीत पाठवा. त्या नंबरावर दुसऱ्याच गाडीचे कागद करणारे लोक असतात. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना गाडीचं नाव विचारून, ते जसं उच्चारतील तसंच लिहून पाठवा.